अकरा खोकी आणि एक वाटी विरजण

माणूस ओळखायचा असेल तर त्याची पत्रिका बघू नये, त्याचा फ्रीज रिकामा करायला घ्यावा. जवळजवळ पंचवीस वर्षं मी हे काम केलंय, म्हणून छातीठोकपणे सांगते. बाहेर देवघरात समई तेवत असते आणि आत फ्रीजच्या दारात कधीकाळच्या चायनीजबरोबर आलेली सॉसची पाकिटं जपून ठेवलेली असतात. "टाकू का?" विचारलं की बाई म्हणतात, "असू दे गं, लागतात कधीतरी." ह्या 'कधीतरी'वर आमचं घर चाललं.

मी शालन, राहणार दहिसर. आमचा सामान हलवायचा धंदा. नवरा टेम्पो चालवायचा, चार माणसं कपाटं-पलंग उचलायची आणि स्वयंपाकघर बांधायचं काम माझं. बायकांना आपल्या डब्यांना परक्या पुरुषाने हात लावलेला खपत नाही, म्हणून आम्हाला कामं भराभर मिळायची. आता सगळं मुलगा बघतो. टेम्पोवर झकास इंग्रजी नाव रंगवून घेतलंय आणि मला म्हणतो, "आई, तू गुडघे सांभाळ." तर गुडघे सांभाळत बसलेय आणि दिवाळी अंकासाठी हे लिहितेय.

कामाचं म्हणाल तर नियम चारच. काचेची बशी आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची. आडव्या बश्या एका धक्क्यात सगळ्याच्या सगळ्या जातात. देव सगळ्यात शेवटी निघतात आणि नव्या घरात सगळ्यात आधी पोचतात. गॅस देवांच्या जरा आधी, कारण सगळ्यांना चहा लागतो. आणि फ्रीज आदल्या दिवशीच रिकामा करून, बंद करून, पुसून कोरडा करायचा, नाहीतर टेम्पोत पाणी गळतं आणि गाद्या भिजतात. ह्या चौथ्या नियमाने माझा घात केला, ते पुढे येईलच.

आमच्या ह्या उपनगरांत हल्ली जुनी बिल्डिंग दिसली की बिल्डर आलाच म्हणून समजा. तो भाडं देतो, तीन वर्षं दुसरीकडे राहा म्हणतो, आणि मग सोळा बिऱ्हाडं एका महिन्यात सोळा दिशांना जातात. बोरिवली पश्चिमेच्या अशाच एका चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगची सगळीच्या सगळी सोळा घरं मी बांधली. तेव्हा कळलं, तीस वर्षांत मध्यमवर्गीय माणूस घरात काय काय भरून ठेवू शकतो ते. एका घरी खोक्यावर मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'जुन्या वायरी, कशाच्या ते माहीत नाही.' म्हटलं, "काका, माहीत नाही तर टाका ना." तर म्हणाले, "टाकल्यावर कळलं तर?" त्याच बिल्डिंगीत मी बांधलेला एक लेमन सेट तीन घरं फिरून आलेला होता. लग्नात आलेला, वेष्टणही न काढलेला, ह्याच्याकडून त्याच्या मुंजीला, तिथून तिसऱ्याच्या वास्तुशांतीला. त्यात सरबत कोणी प्यायलं नाही ते नाहीच.

आणि दुसऱ्या मजल्यावरचे प्रधान! त्यांची बहात्तर खोकी झाली. त्यातली अकरा तर ते ह्या बिल्डिंगीत राहायला आले तेव्हा मीच बांधलेली, चिकटपट्टीसुद्धा माझीच, उघडलीच नव्हती. प्रधानवहिनी म्हणाल्या, "बरं झालं, बांधायचा त्रास वाचला."

सगळ्यात शेवटचं घर चौथ्या मजल्यावर कुमुदताईंचं. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहायच्या. यजमान शाळेत गणित शिकवायचे, त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. मी नेहमीप्रमाणे ऐंशी खोकी घेऊन चढले आणि दारातच थांबले. हॉलमध्ये एक पलंग, दोन खुर्च्या, पुस्तकांची एक फळी. स्वयंपाकघरात दोन पातेली, एक कढई, एक तवा, कुकर आणि मोजून सहा ताटं.

"कुमुदताई, आधी कोणी येऊन बांधून गेलं का हो?"

"नाही गं. एवढंच आहे."

"सहा ताटं का मग? तुम्ही तर एकट्या."

"कोणी आलं तर? मी साधी राहते शालन, माणूसघाणी नाही."

सगळं घर मिळून अकरा खोकी झाली. खरं सांगते, मला आधी फसवल्यासारखं वाटलं, दिवसाचं काम दुपारीच संपलं ना. मग हळूहळू त्या घरात बरं वाटायला लागलं. कुठेही वळलं तरी कोपर कशाला लागत नव्हतं. मी कधी नव्हे ती जमिनीवर पाय पसरून चहा प्यायले. मोबाईल तीनदा वाजला, पुढच्या कामाचा. कुमुदताई म्हणाल्या, "वाजू दे. एक माणूस एका वेळी एकाच घरात असतो." मला पटलं, पण फोन घेतलाच. घाई अंगातच मुरली होती.

त्या फोनवर बोलता बोलताच फ्रीज रिकामा करायला घेतला. आत फारसं काही नव्हतंच. भाजी, लिंबं, दुधाचं पातेलं आणि स्टीलच्या एका वाटीत तळाशी दोन चमचे दही. कुमुदताई शेजारच्या बिल्डिंगीतल्या ओळखीच्यांचा निरोप घ्यायला खाली गेल्या होत्या. मी ती वाटी बेसिनमध्ये उपडी केली, घासली, पुसली, चकाचक करून खोक्यात घातली. फोनवर कांदिवलीच्या पार्टीला भाव सांगत होते.

दुसऱ्या दिवशी देव हातात घेऊन, दार ओढून कुमुदताई निघाल्या आणि मला म्हणाल्या, "ती फ्रीजमधली वाटी दे. ती मी हातातच नेणार. विरजणाची."

वाटी तर मी कालच घासून ठेवली होती. तोंडातून मात्र निघालं, "ती ना, मी नीट वेगळी बांधलीय. संध्याकाळी आणून देते." धंद्यात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला खोटं सुचायला वेळ लागत नाही.

टेम्पोत नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं दहीच ना? कोपऱ्यावर डेअरी आहे." मला हायसं वाटलं. डेअरीतून पाव किलो दही घेतलं, त्यातले दोन चमचे त्याच वाटीत घातले आणि बोरिवली पूर्वेला त्यांच्या भाड्याच्या घरी नेऊन दिलं. सोसायटी मोठी, गेटवर वॉचमन, आणि पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं, इथे मांसाहाराला बंदी आहे. कुमुदताईंच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काय फरक पडणार होता!

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "शालन, जरा येऊन जा."

गेले. टेबलावर दह्याचं भांडं. त्यांनी चमचा घातला आणि वर उचलला. दह्याला ही लांब तार.

"माझं दही सुरीने कापावं असं लागतं. हे कुठलं आणलंस?"

मी सरळ पाय धरले. सगळं सांगितलं, फोनसकट. वाटलं, आता बाई पट्टीने हाणणार. पण त्या चिडल्या नाहीत. उठून चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलल्या. ते जास्त लागलं.

"आमच्याकडे दही लावायचं काम ह्यांचं. मला कधी हात लावू दिला नाही. गेले त्या दिवशीही संध्याकाळी लावलं होतं, आणि रात्री छातीत दुखायला लागलं. सकाळी सगळे जमले तेव्हा मी दूध बघायला आत गेले, तर दही लागलेलं. माणूस गेला आणि दही लागलेलं गं. त्यातलेच दोन चमचे काढून मी रोज चालवत आले. सहा वर्षं. नाशिकला भाचीच्या लग्नाला गेले तर वाटी मांडीवर घेऊन गेले. बाकी सगळं मी देऊन टाकू शकले ना, ते त्या वाटीच्या जिवावर."

मी रडले. मी सहसा रडत नाही, माझा मुलगा म्हणतो मी रडवते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "शालन, वाट लावलीस तू."

पण बसून रडण्यातली मी नाही. विचार केला, विरजण हे काही तिजोरीत राहत नाही. शेजारीपाजारी मागायला येतात, वाटी घेऊन जातात. सोळा घरांच्या त्या बिल्डिंगीत कोणी ना कोणी कुमुदताईंकडून नेलंच असणार. आणि सोळाच्या सोळा घरांचे नवे पत्ते होते फक्त माझ्या वहीत! कामं मुलावर टाकली आणि निघाले.

पहिल्यांदा प्रधानवहिनी, कांदिवलीला. बहात्तर खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात पोचले. "विरजण ना? नेहमी त्यांच्याकडूनच न्यायचे मी. पण हल्ली पॅकेटचंच आणतो गं, वेळ कुठे असतो? दही लावायचं मशीन घेतलंय, पण ते कुठल्या खोक्यात आहे तेच कळत नाही." मी खोक्याकडे बोट दाखवलं. मीच बांधलं होतं, अक्षर माझंच होतं. "असू दे," त्या म्हणाल्या, "आता परत गेल्यावरच उघडू."

तिथून घाटकोपर. जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहणाऱ्या शहांकडच्या सासूबाई मला बघून खूश झाल्या. त्यांच्याकडे आठवड्याला कढी व्हायची, विरजण नक्की असणार. पण सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजल्या, "सून दूधच नाही आणत आता. बदामाचं दही खातो आम्ही." मी चव घेऊन बघितली. बदामाला उगाच त्रास दिला होता.

असं करत करत अकरा घरं झाली. कुठे पॅकेट, कुठे डबा, कुठे "डॉक्टरांनी बंद केलंय". सगळ्यांचं एकच, वेळ नाही. अहो, दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण घालायचं, झाकायचं. अर्धं मिनिट लागतं! पण बोलायला मला तोंड कुठे होतं? माझ्या स्वतःच्या फ्रीजमध्येसुद्धा पॅकेटच होतं.

बारावं घर मरोळला, रोहनचं. तिसऱ्या मजल्यावरचा हा तिशीतला पोरगा, आईवडील गावी गेल्यावर एकटाच राहायचा. त्याची तब्बल एकोणऐंशी खोकी मीच बांधली होती. आणि आता दार उघडलं तर घरात काही नाही! जमिनीवर एक गादी, एक कुंडी, भिंतीला टेकवलेला एक लॅपटॉप.

"अरे, चोरी झाली का काय रे?"

"नाही मावशी, मी मिनिमलिस्ट झालोय. गरजेपुरतंच ठेवायचं. बघा ना, किती शांत वाटतं."

"मग ती एकोणऐंशी खोकी?"

"ती भिवंडीला गोडाऊनमध्ये. महिन्याचं भाडं भरतो."

मी कपाळाला हात लावला. फ्रीजमध्ये फक्त पाण्याची बाटली होती. पण पोरगा मनाचा चांगला. सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "मावशी, हिराबाईला विचारलंत का? गेटवर मासे घेऊन बसायची ती. मी शाळेत असताना बघितलंय, आपले गणिताचे सर तिला वाटी द्यायचे. दहीच असणार यार, दुसरं काय देणार ते?"

हिराबाई! गेटपाशी माशांची पाटी घेऊन बसणारी कोळीण. माझ्या वहीत ती नव्हती. जिच्याकडे हलवायला सामानच नाही, ती माझ्या वहीत कशी असेल? बिल्डिंग पाडायला भोवती पत्रे लागले तेव्हा तिची जागा गेली आणि कोणी तिचा पत्ता विचारलाही नाही, मीसुद्धा.

बोरिवलीच्या मच्छी मार्केटात विचारलं तर घर गोराईला असल्याचं कळलं. तडक खाडीवर गेले आणि फेरीबोटीने पलीकडे उतरले. विचारत विचारत तिच्या अंगणात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. हिराबाई तुळशीपाशी दिवा लावून वळतच होती.

"काय गो बाय, तू टेम्पोवाली ना? इकडे कुठे?"

धापा टाकत सगळं सांगितलं. ती आत गेली आणि मातीचं मडकं घेऊन आली. झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र दही, कडेने सुटलेलं, चमचा उभा राहील असं. मी डबा पुढे केला. तिने मडकं मागे घेतलं.

"आता नाय. दिवा लागला."

"अगं पण हिराबाई..."

"दिवा लागल्यावर विरजण कोणी देतं काय गो? घरातून लक्ष्मी जाते. सकाळी मी बोरिवलीला येतेच, मीच घेऊन येते."

पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांशी वाद घालून जिंकत आले. गोराईच्या त्या अंगणात माझं काही चाललं नाही. पुन्हा बोटीत बसले आणि रिकामा डबा घेऊन घरी आले.

सकाळी कुमुदताईंच्या गेटवर मी आधीच जाऊन उभी. हिराबाई आली ती डोक्यावर पाटीसकट. वॉचमन उठून आडवा आला. "मच्छी अंदर नहीं जायेगी." हिराबाई म्हणाली, "मी कुठे आत येतेय? मना काय वरचा मजला बघायचाय?" मी कुमुदताईंना फोन लावला. त्या लिफ्टने खाली आल्या, हातात रिकामी वाटी.

हिराबाईने पदराखालून डबा काढला. कुमुदताईंनी तिथेच, गेटपाशी, चमच्याच्या कडेने दही कापलं. सरळ कापलं गेलं. मग थोडंसं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. वॉचमनसुद्धा मान लांब करून बघायला लागला.

"आमचंच आहे," कुमुदताई म्हणाल्या. "पण तुला मी कधी दिलं गं हे?"

"तुम्ही नाय, मास्तरांनी दिलं. माझे घरवाल्याचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर बोलला ताक पाजा. मास्तर बोलले थांब, आन वरून वाटी घेऊन आले. तेव्हा माझी पोर दहावीला होती, आता तिची पोर शाळेत जाते. तवापासून रोज लावते, एक दिवस खाडा नाय. मधे कधी बिघडलं तर मास्तर परत द्यायचे."

कुमुदताईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "म्हणजे त्यांच्याच हातचं," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इथे हिराबाई थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला भरून आलं होतं.

"देवमाणूस बघा. फुकट काय घेतलं नाय आन मना कमीपणा वाटेल म्हणून फुकट दिलं पण नाय. दर बुधवारी यायचे आन दह्याच्या बदली दोन बोंबील घ्यायचे."

"कुणासाठी?" कुमुदताईंनी विचारलं.

हिराबाईने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. "आता काय सांगू," ती म्हणाली. "मीच घरून तळून आणायची, डब्यात. जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे उभं राहून खायचे. मग नळावर चूळ भरायचे आन खिशातली बडीशेप खायचे."

"बुधवारी?"

"दर बुधवारी."

कुमुदताई वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. "बुधवारी हे एकभुक्त असायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माणसाने कमी खावं, हलकं राहावं, पोटाला एक दिवस सुट्टी द्यावी. अख्ख्या बिल्डिंगीला सांगायचे. रात्री मी ताट वाढलं की हात जोडायचे, कुमुद, आज नको. आणि मी गावभर कौतुक करत फिरायची, आमच्या ह्यांचा बुधवार असतो म्हणून!"

आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. मी आणि हिराबाईही सुरू झालो. हसता हसता कुमुदताई केव्हा रडायला लागल्या ते कळलंच नाही. हिराबाई पाटी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ खाली बसली, हात मात्र लावला नाही, माशांचे होते म्हणून. कुमुदताईंनीच तिचा हात ओढून घेतला.

"खरंच आवडायचे त्यांना?"

"काटापण चघळायचे बाय."

कुमुदताईंनी पदराने तोंड पुसलं. वॉचमनकडे पाठ केली आणि आवाज एकदम खाली आणला. "हिरा, पुढच्या बुधवारी दोन आण. तळून. मला बघायचंय, माझ्या हातचं वरण-भात सोडून हा माणूस काय खात होता ते." मग माझ्याकडे वळल्या, अगदी मास्तरीणबाईंसारख्या. "आणि वास येता कामा नये. ते बांधायचं काम तुझं. वाटी धुतलीस ना?"

मी आयुष्यात पियानो बांधलाय, माशांसकट काचेची टाकी बांधलीय, एका बाईंची पाच तास बोलणारी मैनासुद्धा पिंजऱ्यासकट बांधलीय. पण एवढी तयारी कशाची केली नव्हती. एकात एक असे तीन डबे, प्रत्येक झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे, वरून जुना टॉवेल आणि टॉवेलवर प्लास्टिक. बुधवारी मी स्वतः घेऊन गेले. मोबाईल घरी ठेवून.

वॉचमनने गाठोड्याकडे बघितलं. "इसमें क्या है?"

"दही," मी म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.